व्यायाम घरी, देखरेख फोनवर

हृदयविकार, रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना व्यायाम हवा असतो. मात्र तो शिकवणारे केंद्र बहुतेकांच्या गावात नसते. फोनच्या मदतीने घरीच चालवलेले व्यायामाचे कार्यक्रम ही उणीव कितपत भरून काढतात आणि कुठे कमी पडतात?

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेला रुग्ण घरी निघतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची सविस्तर यादी असते. कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, जेवणाआधी की नंतर, किती मिलिग्रॅम, किती दिवस, सगळे नेमके लिहिलेले असते. त्याखाली बहुतेक वेळा एक ओळ असते : तेल-मीठ कमी, हलका व्यायाम, नियमित चालणे. किती मिनिटे चालायचे, कोणत्या वेगाने, कधी वाढवायचे आणि कधी थांबायचे याचा तपशील त्यात क्वचितच सापडतो. 'बीपीची गोळी अधूनमधून घ्या' असे कोणताही डॉक्टर लिहिणार नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र आपण तसेच लिहितो आणि तसेच वाचतो.

त्याचे परिणाम दोन टोकांचे होतात. बऱ्याच घरांत माणसे धास्तावतात. बादली उचलू नका, जिना चढू नका, दुकानात आम्ही जातो, असे करत करत कमावता माणूस सहा महिने कॉटवर आणि टीव्हीसमोर बसून राहतो. स्नायू आटतात, वजन वाढते, जरा चालले की धाप लागते, आणि धाप लागली की भीती आणखी वाढते. याउलट काही जण 'आता नळी साफ झाली' असे समजून पंधराव्या दिवशीच टेकडी चढायला निघतात. दोन्हींत धोका आहे. या दोन टोकांच्या मधला शास्त्रशुद्ध रस्ता म्हणजे 'कार्डियाक रिहॅब', म्हणजे हृदय पुनर्वसन. फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून-मापून, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, आणि त्याच्या जोडीला आहार, औषधे, तंबाखू सोडणे, मनावरचा ताण यांबद्दल मार्गदर्शन.

अडचण अशी, की असे विभाग प्रामुख्याने मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत असतात. आठवड्यातून तीन दिवस, सलग बारा आठवडे तिथे जायचे असते. अक्कलकुव्याच्या किंवा अहेरीच्या रुग्णाला ते शक्य नाही हे उघड आहे. पण विरारहून दादरला किंवा पिंपरीहून कात्रजला जाणाऱ्यालाही ते जमत नाही. बरोबर जायला घरातल्या कोणाला तरी रजा काढावी लागते, प्रवासाचा खर्च होतो, आणि दोन तासांच्या गर्दीनंतर अर्ध्या तासाच्या व्यायामाचे त्राण उरत नाही. हा प्रश्न फक्त आपला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत २०३ देशांपैकी १११ देशांतच हृदय पुनर्वसनाची सोय आढळली होती. म्हणूनच रुग्णाला केंद्रापर्यंत आणण्याऐवजी कार्यक्रमच रुग्णाच्या घरी नेता येईल का, हा विचार जगभर सुरू झाला.

अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून रस्त्यावर

हृदयविकाराच्या रुग्णाने हालचाल करावी, हा विचार तसा जुना नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अ‍ॅटॅक आला की कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहणे हाच उपचार होता. १९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेही धाडसाचे वाटले होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी होते. दोघांचा पगार, वस्ती, राहणीमान साधारण सारखे; फरक होता तो हालचालीचा.

पडून राहण्याची किंमत किती असते, हे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये दिसले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणावर ठेवले गेले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तेवढ्यात सुमारे एक चतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोहोचलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. आपल्याकडे आजाऱ्याला काळजीपोटी 'पडून राहा' असे सांगितले जाते. ती काळजी किती महाग पडू शकते, याचा हा हिशेब आहे.

त्यानंतरच्या दशकांत शेकडो चाचण्या झाल्या. हृदयविकाराच्या रुग्णांवरील अशा ८५ चाचण्या, एकूण २३,४३० रुग्ण, यांचे एकत्रित विश्लेषण करण्यात आले तेव्हा व्यायामावर आधारित पुनर्वसन घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. पुन्हा अ‍ॅटॅक येण्याचे आणि पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागण्याचे प्रमाणही घटले. हे सगळे नेहमीच्या औषधोपचारांच्या जोडीला मिळालेले फायदे आहेत. गोळ्या बंद करून मिळालेले नव्हेत.

स्नायूंच्या आत काय घडते?

व्यायामाने हृदय 'मजबूत' होते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात निम्मे काम हृदयाच्या बाहेर होते. नियमित चालणाऱ्या माणसाच्या पायांच्या स्नायूंमध्ये केशवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात. आलेल्या रक्तातून स्नायू जास्त प्राणवायू काढून घेऊ लागतात. त्यामुळे तेच काम करायला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. हृदयाची पंपिंग क्षमता कमी झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला याचा विशेष उपयोग होतो. त्याची धाप काही अंशी अशक्त झालेल्या स्नायूंमुळे असते आणि तो भाग व्यायामाने सुधारू शकतो. शिवाय रक्ताचा वेग वाढला की रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरायला मदत होते.

साखरेचे गणितही स्नायूंमध्येच सुटते. रक्तातली साखर पेशीत नेण्यासाठी 'ग्लूट-४' नावाचे वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर यावे लागते. एरवी ते बोलावण्याचे काम इन्शुलिन करते. टाइप २ मधुमेहात इन्शुलिनची हाक स्नायूंना नीट ऐकू येत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की हेच वाहक इन्शुलिनशिवाय, दुसऱ्या वाटेने वर येतात. म्हणून चालून आल्यावर साखर उतरलेली दिसते. एकदा केलेल्या व्यायामाचा इन्शुलिनच्या कामावरचा चांगला परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असे मधुमेहींना सांगितले जाते ते यामुळेच.

घरच्या व्यायामाचा पुरावा

दुरून देखरेखीची कल्पना स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकातच अ‍ॅटॅकमधून सावरणाऱ्या रुग्णांना घरी व्यायाम करायला लावून साध्या टेलिफोनवरून त्यांचा ईसीजी मागवला होता. ब्रिटनमध्ये एडिनबरा येथे तयार झालेल्या 'हार्ट मॅन्युअल' या पुस्तिकेत आठवड्यागणिक काय करायचे ते लिहिलेले होते आणि जोडीला परिचारिकेचे फोन व भेटी होत्या. त्यावरचा अभ्यास १९९२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुस्तिका वापरणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य कमी होते.

घरचा व्यायाम आणि केंद्रातला व्यायाम यांची थेट तुलना करणाऱ्या २४ चाचण्यांचा, ३,०४६ रुग्णांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. मृत्यू, शारीरिक क्षमता आणि जीवनमान यांत दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. न्यूझीलंडमध्ये १६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्मे रुग्ण केंद्रात गेले आणि निम्म्यांनी छातीवर छोटा सेन्सर लावून आपल्या सोयीच्या जागी व्यायाम केला. दूरवर बसलेला तज्ज्ञ त्यांचे ठोके आणि वेग त्याच वेळी पाहत होता आणि फोनवरून सूचना देत होता. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांची क्षमता सारखी होती आणि दुसऱ्या गटाचा खर्च कमी आला.

ब्रिटनमधल्या 'रीच-एचएफ' या अभ्यासात तंत्रज्ञान आणखी साधे होते. हार्ट फेल्युअरच्या २१६ रुग्णांपैकी निम्म्यांना खुर्चीत बसून करायच्या व्यायामांची डीव्हीडी किंवा चालण्याचा कार्यक्रम, एक नोंदवही आणि प्रशिक्षित परिचारिकेची साथ देण्यात आली. वर्षभरानंतर त्यांचे जीवनमान इतरांपेक्षा चांगले होते. रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसासाठीही त्यात स्वतंत्र मार्गदर्शन होते, ही लक्षात घ्यावी अशी गोष्ट.

मात्र यशाच्या मर्यादाही चाचण्यांनीच दाखवल्या आहेत. पोलंडमध्ये हार्ट फेल्युअरच्या ८५० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एक आठवडा रुग्णालयात शिकवणी, मग आठ आठवडे घराजवळ दोन काठ्या घेऊन झपाझप चालणे, आणि मोबाइलवरून ईसीजीवर लक्ष. नऊ आठवड्यांनंतर रुग्णांची क्षमता आणि जीवनमान सुधारले. पण पुढच्या एक-दोन वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा मृत्यू आणि रुग्णालयातील भरती यांत नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा फरक पडला नव्हता. नऊ आठवड्यांचा व्यायाम दोन वर्षे पुरत नाही, असा त्याचा एक सरळ अर्थ निघतो. कार्यक्रम संपतो त्या दिवशी खरी परीक्षा सुरू होते.

भारतातले दोन प्रयोग

हृदय पुनर्वसनाला भारतीय पर्याय शोधण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे 'योगा-केअर'. देशातल्या २४ रुग्णालयांत, अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर ही चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना तीन महिन्यांत १३ सत्रांमधून सोपी आसने, प्राणायाम, ध्यान आणि जीवनशैलीचे मार्गदर्शन देण्यात आले. पुढे सराव घरी करायचा होता. पुन्हा अ‍ॅटॅक, पक्षाघात, मृत्यू अशा गंभीर घटनांत दोन्ही गटांत निर्णायक फरक दिसला नाही. पण योगगटातले रुग्ण अ‍ॅटॅकपूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले आणि त्यांना स्वतःची तब्येतही अधिक चांगली वाटली. महागड्या यंत्रांशिवाय, सतरंजीवर करता येणारा कार्यक्रम रुग्णाला पुन्हा उभे राहायला मदत करतो, एवढे त्यातून दिसले. योगाने ब्लॉकेज विरघळते वगैरे दाव्यांना त्यातून कोणताही आधार मिळत नाही.

दुसरा प्रयोग मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने साखरेचे प्रमाण वाढलेल्या, पण मधुमेह न झालेल्या ५३७ पुरुषांना आहार आणि व्यायामाचा सल्ला दिला. त्यांपैकी निम्म्यांना पुढे दोन वर्षे मोबाइलवर नियमित एसएमएस पाठवले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले : फक्त सल्ला मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना. साध्या फोनवरच्या साध्या मजकुराने हे घडले.

या आकड्याचे मोल आपल्यासाठी मोठे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडिॲब' अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या ३१ कोटींच्या घरात आहे. एवढ्या लोकांना पुरतील इतकी केंद्रे उभी राहणे नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. फोन मात्र बहुतेक घरांत पोहोचला आहे.

कार्यक्रमात नेमके काय असते?

'दुरून चालवलेला कार्यक्रम' म्हणजे यूट्यूबवरचे व्हिडिओ नव्हेत, पावले मोजणारे अ‍ॅपही नव्हे. त्यात पलीकडे एक जबाबदार माणूस असावा लागतो आणि पाच गोष्टी ठरलेल्या असतात.

पहिली, तपासणी. ही प्रत्यक्षच व्हायला हवी. टू-डी इको, ईसीजी, शक्य असल्यास स्ट्रेस टेस्ट. ती शक्य नसेल तर सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो हे मोजले जाते. मधुमेह असेल तर पायांची संवेदना आणि डोळ्यांचा पडदा तपासतात. दुसरी, चिठ्ठी. आठवड्यातून किती दिवस, किती वेळ, किती जोराने आणि कोणता व्यायाम, हे गोळीच्या डोसाप्रमाणे लिहून देणे. तिसरी, घरची मोजमापे : ठोके, रक्तदाब, वजन, साखर. चौथी, संपर्क; सुरुवातीला आठवड्यातून एकदा फोन किंवा व्हिडिओ कॉल. पाचवी, वाढ, नोंदी पाहून दर एक-दोन आठवड्यांनी डोस बदलणे.

एखाद्या स्थिर प्रकृतीच्या रुग्णाचा पहिला आठवडा असा असू शकतो : पाच मिनिटे सावकाश चालून शरीर गरम करायचे, दहा मिनिटे जरा वेगाने चालायचे, पुन्हा पाच मिनिटे वेग कमी करत थांबायचे, असे आठवड्यातून पाच दिवस. पुढे मधली दहा मिनिटे हळूहळू तीसपर्यंत न्यायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुनाट आजार असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम हेच उद्दिष्ट सांगितले आहे. ते जमत नसेल तर जमेल तेवढे करावे, असेही सांगितले आहे.

ताकदीच्या व्यायामाला जिमची गरज नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलणे एवढ्यावर सुरुवात होते. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजत व्यायाम केला की श्वास आपोआप चालू राहतो. बायपास झालेल्यांनी छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन महिने, वजन उचलणे आणि दंड काढणे सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नये.

जोर किती असावा, हे कळायला मनगटावर घड्याळच हवे असे नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. ही झाली 'बोलून पाहण्याची' चाचणी. दुसरी पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची. ६ ते २० या पट्टीवर आपल्याला किती श्रम होत आहेत ते रुग्णाने स्वतः सांगायचे. ६ म्हणजे आराम, २० म्हणजे कमाल दमछाक. बहुतेक हृदयरुग्णांना ११ ते १३च्या आसपास, म्हणजे 'हलके' ते 'जरा जड' या टप्प्यात ठेवले जाते. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी ही पद्धत विशेष महत्त्वाची आहे. या गोळ्या ठोके दाबून ठेवतात. त्यामुळे '२२० वजा वय' या प्रसिद्ध सूत्राने काढलेला आकडा त्यांना लागू पडत नाही. तो गाठायचा प्रयत्न केला तर प्रमाणाबाहेर दमछाक होईल.

शतपावली आणि तिचे दोन नियम

मराठी घरांतली जेवणानंतरची शतपावली मधुमेहतज्ज्ञांच्या आवडीची आहे, आणि त्याला आधारही आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांनी काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालून पाहिले आणि काही दिवस कोणत्याही एका वेळी सलग तीस मिनिटे. एकूण चालणे सारखेच, पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. उशिरा आणि भरपेट जेवणाऱ्या शहरी कुटुंबांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार अनेकदा एकाच माणसाला असतात, आणि इथे दोन सल्ले एकमेकांना अडतात. भरपेट जेवणानंतर रक्त पचनाकडे वळलेले असते. ज्यांना चालताना छातीत दुखते, म्हणजे अँजायनाचा त्रास आहे, त्यांना जेवणानंतर तो लवकर होतो. अशा रुग्णाने जेवणानंतर फक्त रमतगमत चालावे आणि वेगाचा व्यायाम जेवणापासून दोन तास दूर ठेवावा. असे बारकावे कोणत्याही अ‍ॅपला आपोआप कळत नाहीत. रुग्णाची पूर्ण फाइल वाचलेल्या माणसालाच ते कळतात.

इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी साखर तपासावी. ती ९०-१००च्या खाली असेल तर आधी काही तरी खावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी थांबून तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच घ्यायचे. खिशात त्याची पुडी असल्याशिवाय बाहेर पडू नये. साखर २५०च्या वर आणि अंगात बरे नसेल तर त्या दिवशी व्यायाम टाळून डॉक्टरांना फोन करावा. पायांना बधिरपणा असलेल्यांनी अनवाणी चालू नये, अगदी गवतावरही नाही. चालून आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात.

कोणी घरी करू नये, कधी थांबावे

घरचा कार्यक्रम सर्वांसाठी नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक तीन प्रमुख संघटनांनी २०१९ मध्ये दिलेल्या संयुक्त निवेदनात, प्रकृती स्थिर असलेल्या आणि कमी ते मध्यम जोखमीच्या रुग्णांसाठीच तो वाजवी पर्याय मानला आहे. बसल्या बसल्या छातीत दुखणे, ताब्यात नसलेली ठोक्यांची अनियमितता, हृदयाच्या झडपेचा तीव्र आकुंचनाचा विकार, नुकतेच बळावलेले हार्ट फेल्युअर, विश्रांतीच्या वेळीही १८०/११०च्या वर असलेला रक्तदाब, ताप किंवा हृदयाच्या स्नायूला आलेली सूज यांपैकी काही असेल तर आधी उपचार, मग व्यायाम. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा तीव्र परिणाम झालेल्यांनी जोर लावण्याचे आणि डोके खाली नेण्याचे व्यायाम नेत्रतज्ज्ञांना विचारूनच करावेत.

व्यायाम चालू असताना छातीत, जबड्यात किंवा हातात दुखू लागले, भोवळ आली, ठोके वेडेवाकडे पडत आहेत असे वाटले किंवा धाप नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर तिथेच थांबून बसायचे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती घ्यायची. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ला फोन करायचा. 'ॲसिडिटी असेल' म्हणून वाट पाहायची नाही. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढले तर ते शरीरात पाणी साठल्याचे लक्षण असते. व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवायचे.

योग्य रुग्ण निवडले तर व्यायामाचा धोका किती, याचा अंदाज फ्रान्समधील केंद्रांच्या नोंदींवरून येतो : व्यायामाच्या सुमारे ५० हजार तासांमागे हृदयाशी संबंधित एक गंभीर घटना. अर्थात ही आकडेवारी देखरेखीखालच्या केंद्रांची आहे. घरी डॉक्टर शेजारी नसतो. म्हणूनच पहिली तपासणी आणि थांबण्याचे नियम यांचे वजन तिथे वाढते.

फोनला न दिसणाऱ्या गोष्टी

कार्यक्रम कागदावर कितीही चांगला असला तरी तो घरात उतरतो तेव्हा घराचे प्रश्न पुढे येतात. पहिला प्रश्न फोन कोणाचा, हा. साठीपुढच्या अनेक स्त्रियांच्या नावावर फोन असतो, पण तो दिवसभर मुलाकडे किंवा नातवाकडे असतो. त्यामुळे फोनची वेळ त्यांच्या सोयीने ठरवावी लागते. दुसरा प्रश्न स्त्रियांच्याच तोंडून येतो : दिवसभर कामच करते की, वेगळा व्यायाम कशाला? घरकाम ही हालचाल आहेच आणि तिचा फायदाही होतो. पण ते तुकड्यातुकड्यांत होते, सलग दहा-पंधरा मिनिटे ठोके वाढलेले राहतील असे क्वचितच घडते, आणि त्यात बरेचसे काम ओट्यापाशी उभे राहून होते. शिवाय आजारपणानंतर सर्वात आधी घरकामाला जुंपले जाते ते बाईलाच; तिला विश्रांती मिळत नाही आणि मोजून दिलेला व्यायामही मिळत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा आणि हवेचा. चाळीतल्या खोलीत, विदर्भाच्या मे महिन्यात, कोकणातल्या जुलैत 'रोज अर्धा तास बाहेर चाला' हा सल्ला टिकत नाही. गॅलरीत येरझाऱ्या, जागच्या जागी चालणे, एका पायरीवर चढ-उतार, खुर्चीतले व्यायाम असे पर्याय आधीच लिहून दिलेले असावे लागतात. उन्हाळ्यात पहाटेची वेळ निवडावी. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवावे.

चौथा प्रश्न कंटाळ्याचा. सुरुवातीचा महिना उत्साहात जातो, तिसऱ्या महिन्यात खाडे सुरू होतात. इथे फोनवरच्या ओळखीच्या आवाजाचा उपयोग यंत्रापेक्षा जास्त होतो. घड्याळ पावले मोजते, पण 'परवापासून का नाही चाललात?' असे विचारत नाही. घड्याळाच्या आकड्यांवर फार विसंबूनही चालत नाही. हात हलत असताना आणि ठोके अनियमित असताना ते चुकू शकतात.

पाचवा प्रश्न यंत्रणेचा. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि दुरून सल्ला देण्याला चौकट मिळाली. 'ई-संजीवनी'वर डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या घेता येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपास होतात. शस्त्रक्रियेपर्यंतचा रस्ता असा बऱ्यापैकी तयार झाला आहे. त्यानंतरच्या बारा आठवड्यांसाठी रुग्णाला नियमित फोन करणारा प्रशिक्षित माणूस, ही त्यामानाने अगदी स्वस्त कडी आहे. ती जोडायला नवे यंत्र लागत नाही. एक फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका, एक नोंदवही आणि तिच्या कामाचा ठरलेला वेळ लागतो.

तोवर रुग्णाच्या हातात एवढे तरी आहे, की घरी निघताना काही प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. माझी जोखीम कमी, मध्यम की जास्त? आजपासून रोज किती मिनिटे चालू? किती दमलो की थांबू? जिना कधीपासून, वजन कधीपासून, कामावर कधीपासून? माझ्या कोणत्या गोळीमुळे ठोके किंवा साखर कमी दिसू शकते? आणि अडले तर कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळेत फोन करू? गोळ्यांच्या यादीखाली ही सहा उत्तरे लिहिलेली असली, तर घरातली भीतीही कमी होते आणि फाजील धाडसही. पंधरा दिवसांनी दाखवायला जाताना औषधांबरोबर चालण्याची वहीही न्यावी. डॉक्टरांनी ती पाहून पुढचा डोस ठरवला, की घरचा व्यायाम खऱ्या अर्थाने उपचारात मोडू लागतो.